आमच्या कुत्र्याचे पोट आणि काकूंची खीर

जवळा बाजारच्या आमच्या गल्लीत एकाच घराला काम सांगण्याची सोय नाही. एकाला सांगितले की दुसऱ्याला वाटते, आपल्यावर भरवसा नाही. दुसऱ्याला सांगितले की तिसरा चार दिवस दारासमोरून मान वळवून जातो. लग्नाची पत्रिका असो, लोणच्याची फोड असो की घराची किल्ली, तिन्ही दारांशी सारखाच वेळ थांबावे लागते. म्हणून वैशाखात चुलत बहिणीच्या लग्नासाठी आम्ही नवरा-बायको दोन दिवस सेनगावला निघालो, तेव्हा कुत्र्याला भाकरी घालण्याचे मी तिन्ही घरांना सांगितले. वेगवेगळे सांगितले, आणि प्रत्येक दारात आवाज थोडा खाली आणून सांगितले, जणू हा विश्वास फक्त त्याच उंबऱ्यावर ठेवते आहे.

डावीकडे काकू. अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या, दारावर पंचशीलाचा ध्वज, आणि बुद्धपौर्णिमेच्या त्यांच्या खिरीसाठी अर्धे गाव वाटी घेऊन येणारे. समोर चाची. त्यांचे यजमान गाद्या भरतात, त्यामुळे त्यांच्या ओसरीवर बारा महिने कापसाचा कोरडा, गोडसर वास आणि हवेत तरंगणारे पांढरे तंतू. उजवीकडे मामा. एसटीतले निवृत्त कंडक्टर, ज्यांचा आवाज अजूनही शेवटच्या बाकापर्यंत पोचतो.

कुत्रा तांबूस, एक कान उभा, एक पडलेला. तिन्ही घरांत त्याची तीन नावे आहेत आणि आमच्या घरातले चौथे. त्यातले एकही मी इथे लिहीत नाही. एक लिहिले की तीन घरे रुसतील.

परतलो ती पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ होती. नवरा वाटेतच हिंगोलीला कामावर उतरला आणि मी एकटी घरी आले. एरवी फाटकाची कडी वाजण्याआधीच पत्र्याच्या पिंपावर शेपटी बडवण्याचा डमडम आवाज येतो. त्या दिवशी पिंप मुके होते. कुत्रा पाण्याच्या टाकीखाली, ओल्या सावलीत पडलेला. मला पाहून शेपटीचे केवळ टोक हलले, तेही औपचारिकपणे. तो पुन्हा पुन्हा ओठ चाटत होता आणि काही नसताना काहीतरी गिळत होता. दुधात कुस्करलेली भाकरी पुढे ठेवली, तर मानपान न झालेल्या व्याह्यासारखे तोंड फिरवले. मग उठला, नळाजवळची हरळी ओरबाडून खाल्ली, आणि पुढचे पाय लांबवून, मागचा भाग उंच ठेवून असा वाकला की कुणी पाहिले असते तर म्हणाले असते, किती हे विनयशील जनावर. तो विनय नव्हता, कळ होती. मी त्याच्या कुशीला कान लावला. आत उकळत्या आमटीवरचे झाकण थरथरावे तसा आवाज. पाठोपाठ पिवळसर फेस बाहेर पडला. पेरूच्या झाडाखालच्या कोपऱ्यात पातळ शीही झालेली होती, एकदा नव्हे, तीनदा.

नाकाने वाचायची माझी जुनी खोड आहे. ओकारीचा आंबट वास दूर सारून मी खाली वाकले, तर त्याच्या तळाशी तळलेल्या बेसनाचा एक जाड पदर होता, आणि त्याही खाली, अगदी पुसट, वेलदोडा. ज्याला दोन दिवस केवळ भाकरी दिली गेली आहे, त्याच्या पोटातून वेलदोडा येत नाही.

तालुक्याच्या जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला. शांत माणूस. माझे सगळे वर्णन, अगदी आमटीच्या झाकणासकट, ऐकून घेतले.

“हिरड्या बघा. कोरड्या आहेत की ओल्या?”

“ओल्या. गुलाबी.”

“मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडा. लगेच खाली बसते का?”

“बसली.”

“पोट फुगलंय? रक्त दिसतंय कुठं?”

“नाही.”

“मग बऱ्याच अंशी जास्त खाल्ल्याचं दिसतंय. पण काय खाल्लं?”

“ते माहीत नाही.”

“ते शोधा, मॅडम. हाड किंवा मनुके खाल्ले असतील तर वाट पाहू नका, तसेच घेऊन या. मनुका कुत्र्याच्या किडनीवर जातो. तसं काही नसेल तर उन्हात जीपमध्ये घालून आणू नका, आणखी बिघडेल. आजचा दिवस उपास, पाणी घोट-घोट. माणसाची गोळी अजिबात नाही. मी बारापर्यंत दवाखान्यात आहे, मग लसीकरणाला निघतो.”

घड्याळात साडेनऊ झाले होते. खीर आणि मनुके या दोन शब्दांमध्ये किती कमी अंतर असते, हे मला तोवर कधी जाणवले नव्हते.

आधी मी सरळ मार्गाने गेले. “काकू, याला काय काय घातलं होतं?”

“मी? चतकोर भाकर,” काकू म्हणाल्या आणि ध्वजाची सरळच असलेली दोरी सरळ करू लागल्या.

“चाची?”

“अल्ला कसम बेटा, थोडीशी खिचडी. इतकुशी.” चाचींनी करंगळीचे पेर दाखवले. त्या पेरावर मुंगीसुद्धा उपाशी राहिली असती.

मामा ओट्यावर पेपर वाचत होते. “ताई, आपुन नियमानं वागणारा मानूस. सकाळी एक पोळी, संध्याकाळी एक पोळी. न्हाई जास्त, न्हाई कमी.”

तिघांनीही ओळखले होते की कुत्रा आजारी आहे, आणि ज्याच्या घरचे अन्न बाधले त्याचे नाव गल्लीत वर्षभर चघळले जाणार. त्यांना दोष कसा द्यावा? मी त्यांच्या जागी असते तर माझेही पेर करंगळीचेच निघाले असते. पण टाकीखाली तो पुन्हा एकदा वाकून कण्हला, आणि माझ्यातला सभ्यपणा संपला.

मी गल्लीच्या मधोमध उभी राहिले आणि, कवितावाचनात शेवटच्या रांगेसाठी ठेवतात तो स्वर लावून, म्हणाले, “डॉक्टर म्हणाले, पोटात काहीच नाही. दोन दिवस उपाशी होतं म्हणे बिचारं. कोणी विचारलंच नाही त्याला.”

हे साफ खोटे होते. एवढे निर्भेळ खोटे मी लग्नानंतर प्रथमच बोलले असेन.

मग मामांचा पेपर खाली आला.

“उपाशी? कोन म्हनतं उपाशी? परवा सांजच्याला आठ भजी खाल्ली त्यानं माझ्या हातची! मिरचीची न्हाई, बटाट्याची. आन् काल पुन्यांदा पाच!”

“भज्यानं पोट भरतं व्हय कंडक्टर?” चाची ओसरीवरून उतरल्या, केसांत कापसाचे दोन तंतू चमकत होते. “मी दोन्ही दिवस दोन्ही वक्त खिचडी दिली. वरून तूप. आन् काल यखनी. गोश्त उकळून काढलेलं पाणी, बेटा!”

“हाडं होती का त्यात?” मी घाईने विचारले.

“हड्डी? बोटानं चाचपून एक एक बाजूला काढली. मेहमान होता तो माझा. तू माझ्याच भरवशावर सोडून गेली होतीस ना?”

“तुमच्या भरवशावर?” काकू कडाडल्या. “मला सांगून गेली व्हती बाई!”

“आन् मला काय तिकीट काढून ठेवायला सांगितलं व्हतं?” मामा म्हणाले.

तिघेही माझ्याकडे वळले. मी पेरूच्या झाडाकडे पाहू लागले. लबाडीची फळे इतक्या लवकर पिकतात असे नाही, पण वैशाखातली उष्णता वेगळीच असते.

“ते नंतर,” मी म्हणाले. “काकू, तुम्ही?”

काकू अजून उपासाच्या आरोपानेच पेटलेल्या होत्या. “मी काल त्याला खीर घातली. वाटी न्हाई, पातेलं. खरवड सगळी त्याचीच. वर्साचा सन, दारचं मुकं जनावर उपाशी ठिवीन का मी?”

“मनुके होते खिरीत?”

“म्हंजे काय! मूठभर मनुके. आमच्या खिरीत मनुके न्हाईत असं कदी झालंय का?”

आतापर्यंत मला या सगळ्याची एक चोरटी मौज वाटत होती, हे मला नाकारता येणार नाही. ती तिथे संपली. मी आत जाऊन जुनी चादर घेतली, स्टँडवरच्या जीपवाल्याला फोन केला, आणि टाकीखाली बसून त्याला चादरीत गुंडाळू लागले. त्याचे नाक कोरडे, उष्ण. डोळ्यांत, नेहमीप्रमाणे, माझ्याविषयी गैरसमज की हिला सगळे कळते.

“काय झालं गं?” काकू फाटकाशी आल्या.

मी डॉक्टरांचे मनुक्यांविषयीचे बोलणे सांगितले.

चाची एकाएकी स्वतःच्या पायाच्या बोटांकडे पाहू लागल्या. मामांनी चष्मा काढून पुसायला घेतला. काकू कुत्र्याकडे पाहत होत्या, कुत्रा त्यांच्याकडे. मग त्या वळल्या आणि घरात गेल्या. फ्रिजचे दार उघडल्याचा, भांडे सरकल्याचा आवाज आला. त्या परत आल्या तेव्हा पदराखाली स्टीलची वाटी होती. तिच्यात पाणी होते, आणि पाण्यात टरारून फुगलेले, तपकिरी, नितळ मनुके. मूठभर.

“भिजत घातले,” त्या म्हणाल्या, “आन् टाकायचेच इसरले. राती फ्रिज उघडला तवा दिसले. अर्धं गाव खीर खाऊन गेलं बिगर मनुक्याची.”

आमच्याकडे खिरीतला मनुका हा केवळ मनुका नसतो. वाढणाऱ्या हाताची ती सही असते.

“कोनाला कळलं न्हाई,” काकू हळूच म्हणाल्या, अर्धे विचारत, अर्धे सांगत.

“मला कळलं होतं,” चाची पायाच्या बोटांनाच म्हणाल्या. “पहिल्या घासाला. पण भरल्या वाटीसमोर काय बोलायचं?”

“मला वाटलं माझ्याच वाटीत आले न्हाईत,” मामा म्हणाले. “म्हनून दुसऱ्यांदा घेतली. मंग तिसऱ्यांदा.”

काकूंनी आधी मामांकडे पाहिले, मग चाचींकडे. “मेल्यांनो,” त्या म्हणाल्या, “कालच सांगितलं असतं तर राती झोप तरी नीट लागली असती,” आणि हसू लागल्या. वाटीतले पाणी हिंदकळून चपलेवर सांडले तरी हसतच राहिल्या.

मी डॉक्टरांना फोन केला. मनुके नाहीत, हाड नाही. भजी तेरा, खिचडी चार वेळा, यखनी, पातेलेभर खीर. मग ते म्हणाले, “मॅडम, हे कुत्रं आहे की वऱ्हाडी?” जीप रद्द करायला सांगितले. संध्याकाळपर्यंत अन्न बंद, नंतर पुन्हा फोन. ओकाऱ्या थांबल्या नाहीत, रक्त दिसले किंवा मलूल पडला तर मात्र थेट यायचे. सकाळी बरा असला तर मऊ भात, किंचित दही, मीठ-तिखट काही नाही, आणि तोही चमच्याने.

खरी अडचण उपासाची होती. या गल्लीत कुणाला जेवू घालणे सोपे, न घालणे अशक्य. मामा चिमूटभर हिंग ताकातून देण्यासाठी दोनदा आले. चाची नजर उतरवून गेल्या. त्याला माझी हरकत नव्हती, नजर पचायला हलकी असते. शेवटी मी तिघांनाही पहाऱ्याला बसवले. आपण घालायचे नाही, हे त्यांना पटले नव्हते. पण दुसऱ्याने घालता कामा नये, हे तत्काळ पटले. दिवसभर तिन्ही ओसऱ्यांवरून सहा डोळे एकमेकांच्या हातांवर होते. मी तासातासाने ताटलीत दोन घोट पाणी ओतत होते आणि त्याच्या जिभेचा तो ओला, लयबद्ध लपलप आवाज मोजत होते. दुपारनंतर ओकारी झाली नाही. सांजेला झाकणाचा थरथराट थांबला. डॉक्टर फोनवर म्हणाले, सकाळपर्यंत असेच राहू द्या.

सहा डोळ्यांसमोर बसून मी माझाही गुन्हा कबूल केला: तिघांना वेगवेगळे सांगितल्याचा, आणि उपासाच्या खोट्याचा.

“ते आमाला कळलंच व्हतं,” काकू म्हणाल्या. “पन भरल्या गल्लीत काय बोलायचं?”

सकाळी फाटक उघडायच्या आत डमडम ऐकू आले. पिंप बोलू लागले होते. दारात तीन वाट्या हजर. तिन्हींत मऊ भात, तिन्हींवर दह्याचा एकेक पांढरा ठिपका. काकूंचा इंद्रायणीचा, सुगंधी. चाचींचा इतका घोटलेला की कापसासारखा. मामांचा किंचित लागलेला, पण निष्ठेने.

मी तिन्हींतून एकेकच चमचा काढला आणि ताटलीत वेगवेगळ्या तीन ढिगल्या ठेवल्या. तीन घरे फाटकापलीकडे उभी; तिथून ढिगल्या दिसत होत्या, कोणती कोणाची ते नव्हे. कुत्र्याने उभा कान हलवला, तिन्ही ढिगल्या हुंगल्या, माझ्याकडे एकदा पाहिले, आणि एकीपासून सुरुवात केली.

कोणाच्या ढिगलीपासून, ते मी पाहिले आहे, आणि त्या एकाच उंबऱ्यावर, आवाज थोडा खाली आणून, सांगितलेही आहे. उरलेल्या दोघांना मी सांगितले की मी तेव्हा डोळे पुसत होते.