सिरसाळ्यातलं बिनधुराचं धुराडं

सिरसाळ्यात बॅटरीचा कारखाना काढलेल्या मुंजाभाऊंनी फोनवर माझी भट्टी नाकारली, त्याच संध्याकाळी मी कोल्हापूरहून निघालो. विटा वाहता वाहता भट्ट्या बांधायला शिकलेला माणूस मी. बाराशे अंशांची, तेलावर चालणारी ही भट्टी त्यांच्या बॅटरीतल्या, चिनीमातीसारख्या चकत्या भाजण्यासाठीच बांधली होती. दुसरं गिऱ्हाईक तिला मिळणार नव्हतं. शिवाय नकार द्यायचा तर तोंडावर द्यावा. समोर बसलेल्या माणसाला मी आजवर वाकवत आलोय.

परळीहून सिरसाळ्याची जीप धरली. दुतर्फा वीटभट्ट्या, राखेने पांढऱ्या पडलेल्या बाभळी. धुराच्या वासाने बरं वाटलं. गावाबाहेर जुन्या जिनिंगच्या शेडपाशी तो वास एकदम संपला. शेडला धुराडं होतं. त्याच्या तोंडात पारव्यांनी घरटं केलं होतं.

आत भर दुपारी कसलाच आवाज नव्हता. सरूबाई नावाच्या कामगार बाई साच्यात पांढरी पूड भरत, पाण्यासारखे दोन थेंब टाकत आणि दाबयंत्राचा दांडा ओढत. दाबाचा काटा मुकाट वर चढे.

"भट्टी कुठंय?" मी ओरडलो. माझाच आवाज पत्र्यावरून परत आला.

"न्हाई. तव्याएवढी ऊब अन् वरून दाब," दाबयंत्रामागून पुढे येत मुंजाभाऊ म्हणाले. "तुमच्या आगीत लिथियम उडून जातं, पाव्हणं."

"मग मागवलीत कशाला?"

"तव्हा ही रीत आमाला जमली नव्हती."

"कच्चा माल आहे हा!" कच्चं भांडं जिभेला चिकटतं, पक्कं चिकटत नाही, ही आम्हा भट्टीवाल्यांची परीक्षा. साच्यातून निघालेली चकती तोंडाशी नेली, तोच सरूबाईंनी मनगट धरलं.

"कावून (का) मरता, दादा? इख (विष) हाय त्यात! पाण्यानं बघा."

त्यांनी चकतीवर थेंब सोडला. तो मुरेल म्हणून मी वाट पाहिली. तो गोल डोळ्यासारखा माझ्याकडे बघत राहिला. टिचकी मारली, तर चकती खणखणली. आग न पाहिलेली वस्तू खणखणताना मी प्रथमच ऐकली.

"भट्टी निम्म्या किमतीत घ्या," मी म्हणालो. तो आवाज माझा वाटला नाही.

मुंजाभाऊंनी भाकरी आणि येसर (मसाल्याची आमटी) पुढे केली.

"आणा की भट्टी," सरूबाई हसल्या. "भाकरी लई व्हतील!"

एरवी मी ताट भिरकावलं असतं. त्या दिवशी मुकाट जेवलो.

घरी बायकोने शर्ट हुंगला. "भट्टीवर गेलाच नव्हता. कुठं होता?" इतकी वर्षं ती धुरावरून माझा दिवस ओळखत आली आहे. खरं सांगितलं, तरी तिला पटलं नाही. मलाही तिथे जाऊन आल्यासारखं वाटत नव्हतं.

सकाळी मी ती नाकारलेली भट्टी रिकामीच पेटवली आणि शर्टाला वास येईपर्यंत शेजारी उभा राहिलो.