दोन्ही बाजूंचा नास्तिक

उद्या सकाळी दहा वाजता माझा मोठा मुलगा दीडशे माणसांसमोर उभा राहणार आहे आणि खरं बोलणार आहे. या काळजीने माझ्या डोळ्याला डोळा लागत नाही.

मुलगा कुलपं दुरुस्त करतो. दुकान म्हणजे जिन्याखालची जागा. ताठ उभं राहिलं की डोकं पायरीला लागतं. किल्ल्या घासून घासून त्याच्या बोटांना पितळेचा वास कायमचा चिकटलाय. सगळे त्याला नास्तिक म्हणतात. शिवी म्हणून नाही, हुद्दा म्हणून. "नास्तिक आहे का?" असं गिऱ्हाईक त्याच्या बायकोलाच विचारतं आणि तीही "येईलच इतक्यात, बसा" म्हणते.

हा हुद्दा मिळाला त्याला नऊ वर्षं झाली. आमच्याकडे प्रार्थनाघर एक आणि पंथ दोन. सकाळवाले उभ्याने प्रार्थना करतात, संध्याकाळवाले बसून. देव तोच, पुस्तक तेच, गुडघे तेवढे वेगळे. सकाळवाले बाकं भिंतीला लावून ठेवत, संध्याकाळवाले ती परत मांडत. यावरून इतकं पेटलं की दोघांनी दाराला आपापलं कुलूप ठोकलं. दोन कुलपं झाल्यावर आत कोणालाच जाता येईना. मग दाराशी ढकलाढकली झाली, दगड आले, आणि भांडण सोडवायला मध्ये पडलेल्या पोस्टमनचा एक डोळा गेला. पोलिसांनी माझ्या मुलाला बोलावून दोन्ही कुलपं कापून घेतली आणि एक नवं बसवून घेतलं. पण किल्ली कोणाकडे? सकाळवाल्यांचे प्रमुख, निवृत्त मुख्याध्यापक, म्हणाले, "याच्याकडेच राहू दे. हा देवाचाही नाही आणि आपलाही नाही." संध्याकाळवाल्यांच्या प्रमुख दातांच्या डॉक्टरीणबाई. जन्मात एकदाच त्यांना मुख्याध्यापकांचं म्हणणं पटलं.

अट एकच घातली. दरवर्षी सभेत त्याने उभं राहून म्हणायचं, "माझा देवावर विश्वास नाही, म्हणून मी कोणाची बाजू घेणार नाही." तो म्हणतो, आणि दोन्ही पंथ कडकडून टाळ्या वाजवतात. प्रार्थनाघरात एवढ्या टाळ्या दुसऱ्या कुठल्याच वाक्याला पडत नाहीत.

तेव्हापासून शाळेच्या सामन्यांत पंच तोच, निवडणुकीत मतं मोजायला तोच, भावाभावांत घराची वाटणी निघाली की मोजपट्टीचं टोक धरायला तोच. एवढ्या श्रद्धाळू माणसांत भरवशाचा माणूस एकच, आणि तो नास्तिक. मागे त्याला न्यूमोनिया झाला तेव्हा दोन्ही पंथांनी त्याच्यासाठी प्रार्थना केली, एकांनी उभ्याने, एकांनी बसून. ताप कोणामुळे उतरला यावर अजून वाद आहे. इंजेक्शनं देणाऱ्या डॉक्टरला त्या वादात कोणी विचारलेलं नाही.

तो एकोणीस वर्षांचा असताना त्याचे वडील गेले. त्यानंतर त्याने प्रार्थनेला जाणं सोडलं. देवाला नावं ठेवली नाहीत, कोणाशी वाद घातला नाही. आपण किराण्याचा वाणी बदलतो तसं सहज थांबवलं. मी मात्र जात राहिले. सकाळवाल्यांत, तिसऱ्या ओळीत. आणि पंचवीस वर्षं त्याच्या मागे लागले, "अरे, एकदा तरी चल. माझ्यासाठी चल."

आज संध्याकाळी तो माझ्या घरी आला आणि चहा पिता पिता म्हणाला, "आई, मी हल्ली प्रार्थनाघरात जातो. दुपारचा, कोणी नसतं तेव्हा."

"कड्यांना तेल घालायला?"

"आधी त्यासाठीच गेलो होतो. खिडकी उघडत होतो, तर एकदम वाटलं, इथे कोणीतरी आहे."

"चोर?"

"चोर नाही गं."

मला समजायला जरा वेळ लागला. पंचवीस वर्षं जे मागत होते ते पदरात पडलं होतं, आणि माझ्या तोंडून काय निघालं, तर "कोणाला बोललास का?"

"अजून नाही."

"आत काय करतोस?"

"बसतो."

"बसतोस?" मी कपाळावर हात मारला. "अरे, डॉक्टरीणबाईंना कळलं तर गच्चीवरून ओरडून सांगतील."

"मग काय, उभा राहू?"

"उभा राहिलास तर मुख्याध्यापक मिठी मारतील आणि तुझ्या दुकानावर दगड येतील. तू होतास तसाच बरा होतास."

तो हसला. मग म्हणाला, "उद्या मला ते वाक्य म्हणता येणार नाही."

"वाक्यच आहे ना, म्हणून टाक. लोक विश्वास नसताना जन्मभर प्रार्थना म्हणतात. तू वर्षातून एकदा उलटं म्हण. देव समजून घेईल."

"देव घेईल. पण पोस्टमनकाका पहिल्या बाकावर असतात. त्यांच्याकडे बघून खोटं कसं बोलू?"

"आणि तू किल्ली खाली ठेवलीस, की पुढचा डोळा कोणाचा?"

तो उठला. चहा अर्धा टाकून गेला.

तो गेल्यावर मी त्याच्यासाठी प्रार्थनेला उभी राहिले. शब्द तोंडपाठ आहेत. भाजी चिरतानाही म्हणता येतात. अर्ध्यावर थांबले. लोक विश्वास नसताना जन्मभर म्हणतात, हे मी त्याला इतकं छातीठोकपणे सांगितलं, ते मला कसं ठाऊक? तसं माझ्या माहितीतलं माणूस एकच आहे. नवरा गेल्यापासून ऐकायला समोर कोणी आहे असं मला एकदाही वाटलेलं नाही. मुलाने जाणं सोडलं. मी कोणी ऐकतंय हे मानणं तेवढं सोडलं. घरातून एकजण तरी ओळीत दिसायला हवं, म्हणून उभी राहत आले.

किल्लीला देव न मानणारंच माणूस हवं, हा नियम त्यांचाच आहे. उद्या कळल्यावर डावी-उजवीकडच्या बायका माझ्यापासून सरकून उभ्या राहतील. राहू देत. ते वाक्य मला खोटं न बोलता म्हणता येतं.

साडेबारा वाजलेत. तो जागाच असणार. फोन लावते आणि सांगते, सभेला निघण्याआधी किल्ली माझ्याकडे आणून दे.