अर्ध्या इंजिनावर

वैजनाथ सातव मास्तरांच्या नखांत कायम माती असायची. विमान शिकवणाऱ्या माणसाच्या नखांत माती! आम्ही मागून हसायचो. दर शनिवारी हे गृहस्थ लूनावरून हडपसरपलीकडची शेतं हिंडायचे. कोणाचा ऊस उभा आहे, कोणी प्लॉट पाडलेत, सगळं बांधावर उतरून बघायचे आणि रविवारी फ्लाइंग क्लबच्या फळ्यावर लिहायचे. इंजिनाने दगा दिला तर उतरायला जागा माहीत हवी, म्हणून.

मी तेव्हा सॉफ्टवेअर कंपनीत होतो, रविवारी हौसेने विमान शिकायचो. साल २००४, पगार दणदणीत, अक्कल बेताची. फळा मी कधी वाचलाच नाही.

"पुरतं बंद पडलेलं इंजिन परवडलं," मास्तर म्हणायचे. "अर्धं चालणारं लई वाईट. आशा लावतंय."

त्या रविवारी धावपट्टी सोडून तीनशे फूट चढलो असू, तेवढ्यात विमान गदागदा हललं. इंजिन चालू होतं, पण निम्मा जोर गेला. मला वाटलं, निम्मा तर आहे ना? परत फिरू. आणि वळवलं.

"सोड! नाक खाली घे!" शेजारून मास्तर ओरडले. मी दांडा घट्ट धरून बसलो. वेग मेला, डावा पंख कोसळला. त्यांनी माझ्या तोंडात कोपर हाणलं. एकदा नाही, तीनदा. दोन दात तुटले, रक्त घशात उतरलं, तेव्हा कुठे माझे हात सुटले.

त्यांनी नाक खाली दाबलं, पंख सरळ केले. समोर सपाट, मोकळी जागा होती. मी बोंबललो, "तिथे! तिथे!"

"प्लॉटचे खांब रोवल्यात तिथं, आंधळ्या!" म्हणत त्यांनी विमान शेजारच्या उसात घातलं. खांब मला तेव्हा दिसले, ओळीने.

ऊस फाडत आम्ही घुसलो आणि आडवे झालो. पेट्रोलचा वास सुटला. मास्तरांचे पाय आत चेपले होते. त्यांनी माझा पट्टा सोडवला, मला बाहेर ढकललं. "पळ, गाढवा!"

मी पळालो. मागे पाचट धडाधडा पेटलं. मग त्यांनी मला हाक मारली, "आनंद!" दोनदा. मी थांबलो नाही. भ्यालो होतो हो, दुसरं काय!

दवाखान्यात त्यांच्या पत्नी, जयाताई, भेटल्या. "शेवटी काही बोलले का?"

"नाही. जागीच गेले ते," मी म्हणालो.

"बरं झालं. हाल नाही झाले," म्हणत त्यांनी माझ्या सुजलेल्या तोंडावरून हात फिरवला.