शेततळ्यातल्या दोराच्या गाठी

गावातल्या निम्म्या पोरांच्या पाठीला डबा बांधून मीच त्यांना विहिरीत ढकललं, पोहायला शिकवलं. ज्याला पोहता येतं तो बुडत नाही, एवढंच मला ठाऊक. शाळा चौथीपर्यंत, जास्त विचार केला नाही.

पुढं द्राक्षबागेसाठी शेततळं खोदलं, आत प्लास्टिकचा काळा कागद अंथरला. पाणी भरल्यावर एकदा पंपाच्या जाळीतला पाला काढायला वाकलो आणि घसरून आत गेलो. पोहत काठाला आलो. पण विहिरीला पायऱ्या असतात, कपारी असतात. इथं कागदावर शेवाळ. पाच-सहा वेळा चढलो, तितक्याच वेळा खाली आलो. दम संपला.

बायको बांधावर गवत कापत होती. तिला पोहता येत नव्हतं. ती पाण्याजवळ आलीच नाही. वरूनच म्हणाली, "गप उताणे पडा. हातपाय मारू नका."

"अगं, हात दे."

"हात दिला तर दोघं जाऊ. पडून राहा म्हणते ना."

नेसलेली साडी सोडून तिनं एक टोक मोटारीच्या पेटीच्या खांबाला बांधलं, दुसऱ्या टोकात चप्पल बांधून माझ्याकडं फेकलं. मी वर आलो. ती परकरावर उभी.

"लय पोहणारे ना तुम्ही? गावाला शिकवता."

ओली साडी गुंडाळून घरी गेली. बाजाराच्या दिवशी नायलॉनचा दोर आणला. हातभर अंतरानं गाठी मारून चारी बाजूंनी तळ्यात सोडला. मी हसलो. म्हणलं, एवढ्या गाठी कशाला.

नंतर ती छातीच्या दुखण्यानं गेली. दोर उन्हात राहिला. अंबडला कंपनीत असलेला मुलगा म्हणायचा, "दादा, दोर बदला, पोरी सुट्टीत येतात." मी बदलला नाही. गाठी तिच्या हातच्या होत्या. एक दिवस ओढून पाहिला तर मधूनच तुटला, मी बांधावर बसलो. पोरगी लोंबकळली असती तर?

नवा दोर आणला, तशाच हातभर अंतरानं गाठी मारल्या. सुट्टीत आलेल्या धाकट्या नातीला सुक्या उतारावर धरायला लावला. एका गाठीवरून दुसरीवर तिचा हात पुरेना. माझा हात बायकोच्या हातापेक्षा लांब. सगळ्या सोडल्या. जुना दोर शेजारी ठेवला आणि त्याच्या मापानं पुन्हा बांधल्या.