नळ येण्याआधीची शांतता

अन्याय झाला तो माझ्या ताईवर, यंदाच्या जयंतीला, संध्याकाळी, बँड थांबला त्याच क्षणी. करणारे: आमच्या मंडळाचे अध्यक्ष. हत्यार: शाल आणि नारळ.

ताई नागपूरला संगीत शिकते. लोहारा गावातल्या आमच्या वस्तीसाठी तिनं एक नवी रचना केली, वाजवणारे इथलेच, लग्नाच्या बँडमधले. अध्यक्षांनी बॅनरवर 'भव्य ऑर्केस्ट्रा' छापलं, त्यामुळे लोक फर्माइशीच्या चिठ्ठ्या घेऊन आले.

रचनेचा बांधा समजून घ्या, कारण गुन्हा तिथंच आहे. आमच्याकडे नळ आले की पहिल्या गल्लीतली बाई हाक देते. ती संपायच्या आत दुसरी गल्ली तीच हाक वरच्या पट्टीत उचलते, मग तिसरी. ताईनं तेच केलं. ट्रम्पेटनं हाक दिली, ती अर्धी असतानाच क्लॅरिनेटनं उचलली, कॅसिओनं उलटी करून खाली आणली. अख्खी चाल कोणालाच नाही, नुसते तुकडे. मग सगळं एकदम थांबतं. नळ आधी फुसफुसतो, गप्प होतो आणि मग धो धो येतो ना, तशी ती शांतता. पूर्ण चाल वाजते ती त्यानंतरच.

तुकडे ऐकूनच पुढच्या रांगेतली एक बाई उठली आणि शेजारणीला म्हणाली, "नळ आले काय वं?" ताईचा चेहरा असा खुलला, जसा कुठल्याच परीक्षेच्या निकालानंतर खुलला नव्हता.

मग शांतता आली. आणि अध्यक्षांनी माइक उचलला. सुंदर कार्यक्रमाबद्दल आभार मानले, ताईला शाल घातली, लगेच सगळ्या माजी अध्यक्षांचे सत्कार सुरू केले. वादक वाद्यं तोंडाशी धरून तसेच उभे. ट्रम्पेटवाल्यानं मात्र सत्काराचा नारळ त्याच्याही हातात दिल्यावर नाइलाजानं ट्रम्पेट खाली ठेवला.

मी तिथंच जाब विचारला. "काका, काहून थांबवलं?"

"मी कायले थांबवतो? थेच थांबले होते."

"थांबणं बी वाजवणंच होतं, काका."

"चूप राहनं म्हंजे वाजवनं? मंग तुह्या काकीपुढं मी रोजच वाजवून राह्यलो."

मंडप हसला. मीही हसले असते, पण ताई नारळ घेऊन उभी होती. घरी येईस्तोवर ती एवढंच बोलली, "पानी तं आलंच नाही."

येत्या रविवारी संध्याकाळी, त्याच मैदानावर, रचना पुन्हा वाजेल. बँड मधेच थांबेल. टाळ्या वाजवू नका. उठू नका. शेजारचा माइककडे सरकला तर त्याचा सदरा घट्ट धरा, आणि चाल येईपर्यंत सोडू नका.