दोन बोटं जुळवली आणि फोन कट झाला

रविवारी घरात बसून बातम्या पाहत राहिलो असतो तर डोकं फिरलं असतं, म्हणून आम्ही नवराबायको चारठाण्याची जुनी देवळं बघायला निघालो. आमची तनू परदेशात डॉक्टरकी शिकते. देशाचं नाव लिहीत नाही, तिनंच तंबी दिली आहे. ती राहते त्या गावावर शेजारचा देश हक्क सांगतोय. का, तर ते त्यांच्या जुन्या राजानं वसवलं! सीमेवर फौजा आल्यात. प्रवेश घेताना आम्ही फी विचारली, जेवणाची सोय विचारली. तिथला इतिहास विचारावा असं कोणाच्या डोक्यातही आलं नाही.

परभणीहून जिंतूरमार्गे जा. सकाळीच निघा, कारण दुपारी दगड तापतात. पाणी आणि डबा सोबत हवाच. आम्ही भाकरी-ठेचा नेला होता. यादवांच्या काळातल्या त्या देवळांवरचं कोरीवकाम मान दुखेपर्यंत बघत राहावं असं आहे.

तनूला ते दाखवावं म्हणून सावलीत बसून व्हिडिओ कॉल लावला. तिच्या मागे घरमालकीण आजी दिसली. आपल्याकडं नवा माणूस भेटला की आधी गाव विचारायचं, मग पाहुण्यारावळ्यांत कुठंतरी नातं लावायचं. ह्यांनी तिथंही तेच केलं. आजीच्या देशाचं नाव घेतलं, शेजारच्या देशाचं घेतलं आणि दोन बोटं जुळवून दाखवली.

"आजी, तुमी अन् ते एकच की! पूर्वी एकच राज्य होतं म्हणं!"

भाषांतराची गरजच पडली नाही. आजीचा चेहरा उतरला.

"बाबा, काय बोलायलात तुमी? तिचा मुलगा सीमेवर हाय!" तनू ओरडली आणि फोन कट झाला. पुन्हा लागेचना. आजीनं पोरीला घराबाहेर काढलं तर ती जाणार कुठं? हे घाम पुसत नुसते म्हणत राहिले, "मी तर चांगलंच बोललो गं."

येताना देवगाव फाट्यावर थांबलो. भजी गरम होती, पण मी ती तशीच ठेवून तनूचा नंबर लावत राहिले. शेजारच्या बाकावर एक काका मोबाइलवर तीच बातमी ऐकत होते.

"जुनी त्यांचीच जमीन हाय तर देऊन टाकावी की. कशाला भांडायलेत?"

माझा पारा चढला. "काका, माझी पोरगी हाय तिथं. यादवांचं म्हणून उद्या कोणी चारठाणा मागितला, निजामाचं म्हणून परभणी मागितली, तर देताव का?"

काका वरमले. "आमाला काय म्हाईत बाई? यात तसंच सांगायलेत."

त्यांना काय बोलणार? आमच्या घरचा शहाणाही तेच करून बसला होता.

सेलू गेलं, पेडगाव मागं पडलं, तरी फोन नाही. दारातून आत शिरतो न शिरतो तोच रिंग वाजली.

"आई, मी ठीक आहे. आजी लय रडली."

"घर सोडायला सांगितलं का?"

"नाही. म्हणाली, बाबांना सांग, एकच राज्य होतं हे खरं. पण तेव्हा आम्हाला कोणी विचारलं नव्हतं."

मी काही बोलणार तेवढ्यात तिकडं भोंगा वाजायला लागला आणि मागून आजीची घाबरी हाक ऐकू आली.

"तळघरात जायचंय," तनू म्हणाली. "आजी माझा हात धरून ओढायलीय. ठेवते."