मामांच्या उशाशी झटका मशीन

आज माझी अब्रू मीच काढतो, फक्त हसताना कपातला चहा सांडू नका म्हणजे झालं!

आमच्या निमगाव सावात बिबट्या म्हणजे घरचाच झालाय. म्हणून मी गोठ्याला तारेचं कुंपण केलं आणि झटका मशीन घेतलं. दर सेकंदाला तारेत झटका सोडतं, टक, टक. चोरीला जायला नको आणि आल्यागेल्याला दिसलंही पाहिजे, म्हणून लावलं कुठं? पडवीत, पाहुण्यांच्या खाटेच्या उशाशी!

त्याच खाटेवर डिंभ्याहून आलेले मामा, म्हणजे माझे सासरे, दुपारी मासवड्या हाणून आडवे झाले. थोड्या वेळानं उठून बसले ते छाती धरूनच.

"पावणं, हितं लई दुखतंय वो."

माझी बायको सुनीता रडायला लागली. मी ॲम्ब्युलन्स बोलावली, ती आली बिचारी लगेच. डॉक्टर मॅडमनी मामांच्या छातीवर चिकट पट्ट्या लावल्या, मॉनिटर चालू केला आणि काय राव, पडद्यावर नुसते काटेच काटे! वर ते टीं टीं बोंबलायला लागलं.

मॅडमनी मनगट धरलं. "नाडी तर चांगली लागतेय. जवळ विजेचं काहीतरी चालू आहे, त्याचा अडथळा येतोय. सगळं बंद करा. असं मला हृदयाचं काही कळणार नाही."

"मामांच्या जिवाचा प्रश्न हाय!" म्हणत मी सुटलो. सगळ्यांचे मोबाईल बंद. घराचा मेन स्विच खाली. शेजारच्या तात्यांची गिरणीसुद्धा बंद पाडली! दळण अर्ध्यात राहिलं म्हणून दोन बायका भांडत दारात आल्या. आणि काटे? तसेच!

"अजून काही चालू आहे?"

"आख्ख्या आळीत काय चालू न्हाई, मॅडम!"

"मग ही टकटक कसली?"

कसली टकटक? रोजची सवय, आम्हाला ती ऐकूच येत नव्हती! मॅडमनी मामांच्या उशाकडं बोट दाखवलं.

"ते व्हय? ते सोलरचं हाय, बॅटरीवर चालतं. त्याचा काय संबंध?"

सुनीतानं डोळे पुसले, उठली आणि खटका बंद केला. टकटक थांबली, काटे गायब! मामांचं काळीज पडद्यावर शाळेतल्या पोरांसारखं ओळीनं चालायला लागलं.

"ईसीजी चांगला आहे. पित्त असावं. तरी दवाखान्यात एकदा तपासून घेऊ. किती मासवड्या खाल्ल्या?"

मामा आढ्याकडं बघायला लागले.

मला इतकं हायसं वाटलं की दरदरून घाम फुटला आणि मी मटकन खालीच बसलो. मॅडमनी त्याच पट्ट्या मला लावल्या. परत टीं टीं टीं!

"अगं सुनीता, ते झटका मशीन बंद कर की!" मी ओरडलो.

मामांनी लांबलचक ढेकर दिली. "बंदच हाय, पावणं. ह्ये तुमचं सोताचं चाललंय."

भ्यायलेत म्हणून ठोके वाढलेत, बाकी काही नाही, असं मॅडम म्हणाल्या. तरी ॲम्ब्युलन्समधून दोघंही गेलो. मामा बाकड्यावर बसून, माझा हात धरून. स्ट्रेचरवर मी!